शाईची रेघ आणि भुकेचे चित्र

परमुलखात राबणाऱ्या कामगाराला आपल्या भाषेतील वृत्तपत्राचा मोठा आधार असतो. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे स्पॅनिश भाषिक स्थलांतरितांनी चालविलेले 'एस्पान्या लिब्रे' हे पत्र १९३९ पासून १९७७ पर्यंत फ्रँकोच्या हुकूमशाहीविरुद्ध झगडत राहिले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी गजबजलेल्या मुंबईच्या गिरणगावातही याच जातीची पत्रे वाचली जात. १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठली आणि इंग्रजी 'पीपल्स वॉर' व मराठी 'लोकयुद्ध' ही साप्ताहिके मुंबईतून निघू लागली.

अशा पत्रांत चित्राला विशेष स्थान असे. एक जण मोठ्याने वाची, इतर ऐकत. चित्र मात्र प्रत्येकाला स्वतः वाचता येई. शिवाय छायाचित्राचे बारीक ठिपके हलक्या कागदावर काळवंडत. शाईची ठसठशीत रेघ स्वच्छ उमटे. लिनोलियमच्या तुकड्यावरील चित्राचे तंत्रही असेच सुगम आहे. पांढरा राहावयाचा भाग कोरून काढावयाचा, उरलेल्या उंच भागावर शाईचा रूळ फिरवावयाचा व कागद दाबावयाचा.

या कलेचे समर्थ उपासक म्हणजे चित्तप्रसाद (१९१५-१९७८). भट्टाचार्य हे जातिदर्शक आडनाव त्यांनी टाकून दिले होते. जपानी आक्रमणाचे सावट चितगावावर पडले, तेव्हा त्यांनी फॅसिझमविरोधी भित्तिपत्रके रंगविली. परंतु १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि प्रश्न अवघड झाला. ज्या सरकारच्या युद्धप्रयत्नांना पक्षाचा पाठिंबा होता, त्याच सरकारच्या राज्यात माणसे अन्नावाचून मरत होती. चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडले. भुकेल्या माणसांची चित्रे काढली आणि त्यांची हकिकत लिहून घेतली. यातून 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका सिद्ध झाली. सरकारने तिच्या सुमारे ५,००० प्रती जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबीयांनी जपलेल्या एका प्रतीवरून २०११ मध्ये तिचे पुनर्मुद्रण झाले.

पुढे ते मुंबईस स्थायिक झाले. १९४६ च्या नाविकांच्या उठावावरही त्यांनी चित्रे केली. पक्षापासून दूर झाल्यावर अंधेरीत राहून त्यांनी राबणाऱ्या मुलांचे जीवन लिनोलियमवर कोरले. शत्रू परका असो वा सत्ताधारी, त्यांची रेघ भुकेल्या माणसाच्या बाजूने राहिली. मूठभर कागदांची भीती एका साम्राज्याला का वाटावी, याचे उत्तर त्या रेघेत आहे.