चुली चार, पेटलेली एकच

आज आम्ही आमच्या ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगणार आहोत. दिवाळीनंतर तो फार हळू झाला. हप्त्यांची शीट उघडायला लावून चहा करावा, प्यावा, कप धुवावेत, तरी ती उघडलेली नसायची. बँकेत कर्जाची फाईल द्यायची मुदत चार दिवसांवर आली होती. दुकानातून आलेल्या माणसाने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, प्रोसेसर गेला. नवीन कॉम्प्युटर घ्या, २८,००० रुपयांत बसवून देतो." तेवढ्यात आमच्या दोघी-तिघींच्या शेळ्या येतात. तरी आम्ही ठराव लिहायला घेतलाच होता.

तेवढ्यात हिशोब लिहिणारी आमची ताई म्हणाली, "प्रोसेसर गेला, तर हा चालू कसा होतो?" खरं होतं. प्रोसेसर पुरता गेला, तर सहसा कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं स्वयंपाकघर समजा. त्यातल्या चुलींना कोअर म्हणतात. आमच्या प्रोसेसरचं नाव आय-थ्री ८१००, त्यात चार कोअर असतात. काही प्रोसेसरमध्ये एकेक कोअर दोन कामं सांभाळतो, चुलीला वैल असतो तसा. कॉम्प्युटर त्यांना लॉजिकल प्रोसेसर म्हणून मोजतो. नुसतं 'आय-थ्री' वाचून मात्र चार चुली धरू नका. जुन्या आय-थ्रीमध्ये दोनच कोअर असायचे. सेटिंगमध्ये 'अबाउट' उघडलं की पूर्ण नाव दिसतं, त्यावरून कंपनीच्या वेबसाइटवर कोअर किती ते बघायचं.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडला. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. खाली लिहिलेलं होतं, कोअर्स : १. चार चुलींच्या घरात एकच पेटलेली! सगळं काम तिच्यावर.

कारण ऐकून हसाल. आमच्यातल्याच एकीने मोबाईलवर 'कॉम्प्युटरचा स्पीड वाढवा' असा व्हिडिओ पाहून एक खूण केली होती. तिला आम्ही काही बोललो नाही, स्पीड सगळ्यांनाच हवा होता. ती खूण कुठे असते ते सांगतो, पण आधी हिशोबाच्या फाईली पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. चौकटीत एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही अक्षरं इंग्रजीत सलग लिहून एंटर करा. वर 'बूट' दिसेल, त्यात 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. तिथे 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' च्या चौकटीत बरोबरची खूण होती आणि पुढे १. ही सोय वेग वाढवायची नाही, तपासणीसाठी मुद्दाम कमी कोअरवर चालवून बघायची आहे. खूण नसली की विंडोज मिळतील तेवढे सगळे कोअर वापरतं. म्हणून तिथे ४ लिहीत बसू नका, खूणच काढा. शेजारी 'मॅक्सिमम मेमरी' आहे, तिथेही खूण नको. ओके करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

आमच्याकडे लगेच कोअर्स : ४ दिसले. फाईल मुदतीच्या आदल्या दिवशी बँकेत गेली.

एवढं करूनही आकडा कमीच राहिला, तर बायोसमध्ये कोअर बंद केलेले असू शकतात. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबलं की बहुतेक ठिकाणी बायोस उघडतो. आतली नावं कंपनीप्रमाणे बदलतात आणि भलतंच बदललं तर विंडोज सुरूच व्हायचं नाही. तिथे आम्ही स्वतः हात घालत नाही. दुरुस्तीवाल्याला बोलावतो आणि "किती कोअर चालू आहेत ते आम्हाला दाखवा" म्हणून शेजारी बसतो.

आणि चारही कोअर चालू असून कॉम्प्युटर हळूच असेल, तर दुखणं दुसरं आहे. मेमरी कमी असेल, हार्ड डिस्क जुनी झाली असेल. एक भाकरी चार चुलींवर भाजता येत नाही, तशी काही कामं एकाच कोअरवर होतात, त्यांना वेळ लागणारच.

तुमच्या गटाच्या कॉम्प्युटरवर किती कोअर दिसतात ते बघून केंद्रावर कळवा. आकड्यासोबत प्रोसेसरचं पूर्ण नावही लिहा.