जखमीवर पाणी नको, रजई घाला

बोदवडमध्ये मे महिन्यात कोणी सांगितले की अपघातात सापडलेला माणूस गारठून दगावू शकतो, तर लोक हसतील. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर आणि थंडी कसली? म्हणूनच रस्त्यावर मोटारसायकल घसरून कोणी पडला की एक जण पाण्याची बाटली त्याच्या डोक्यावर रिकामी करतो, दुसरा रुमालाने वारा घालतो. नियत चांगलीच असते. पण ज्याचे रक्त वाहते आहे, त्याचे यात नुकसान होते.

निरोगी शरीराच्या आतले तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. रक्त बरेच गेले की शरीराला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. ते ३५ अंशांच्या आसपास किंवा खाली आले की रक्त गोठवणारी द्रव्ये मंदावतात, जखम वाहत राहते आणि वाहत्या रक्ताबरोबर ऊबही जाते. त्यातच रक्तातील आम्लता वाढली, तर गारठा, आम्लता आणि न गोठणारे रक्त हे तिन्ही एकमेकांना बळ देतात. डॉक्टर या त्रिकुटाला फार भितात.

कुडकुडणे ही आपल्या शरीराची शेगडी. भूल दिली की ती विझते. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, आतली ऊब हातापायांकडे पसरते आणि पहिल्या तासातच आतले तापमान एक-दीड अंशाने उतरू शकते. ब्रिटन, जर्मनीत हेलिकॉप्टरने आलेले डॉक्टर गंभीर जखमीला रस्त्यावरच भूल देतात, तेव्हा त्याला ऊबदार ठेवणे हेही त्यांचे काम असते. आपल्याकडे असे क्वचितच घडते. मात्र छोट्या दवाखान्यातून जळगावला हलवताना घशात नळी घालून, औषधाने झोपवून नेण्याची वेळ येते. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, आणि पेशंट ‘थंडी वाजतेय’ एवढेही म्हणू शकत नाही.

अशा वेळी सोबतच्या माणसाचे डोळे उघडे हवेत. अल्लाह न करो, पण वेळ आलीच तर आधी १०८ ला फोन करा, वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. ओले कपडे मान-पाठ न हलवता कापून काढा. रजई, चादर, शाल, जे असेल ते पांघरा, डोकेही झाका. गार फरशीही ऊब ओढून घेते, म्हणून उचलताना अंगाखाली काही सरकवता आले तर उत्तम. गरम विटा, गरम पाण्याच्या बाटल्या कातडीला लावू नका, बेशुद्ध माणसाला भाजल्याचे कळत नाही. चहा-पाणीही पाजू नका.

गाडीत आपल्याला घाम फुटला तरी पेशंटकडचा एसी बंद करायला सांगा. घरातल्या काचेच्या थर्मामीटरवर विसंबू नका, त्याचे आकडेच ३५ अंशांच्या आसपास सुरू होतात.

आणि पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने मागे राहू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. स्वतःहून सांगितल्याशिवाय त्याला नावही द्यावे लागत नाही.