गड कुठे पळून जात नाही!

पहिला ट्रेक पावसाळ्यातच करायचा, असं कोणी सांगितलं? फाल्गुन-चैत्रातला सह्याद्री नवख्यांसाठी मस्त असतो. फक्त त्याची तयारी वेगळी असते. पाण्याची, वेळेची आणि ‘बास, इथूनच मागे फिरू’ असं म्हणण्याचीसुद्धा!

इंटर्नल्स संपलेल्या असतात, सबमिशनला अजून वेळ असतो आणि कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी मेसेज टाकतं, ‘रविवारी ट्रेक?’ दहा मिनिटांत बारा अंगठे पडतात. त्यातल्या निम्म्यांनी शेवटचा गड शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो, तोही बसने पायथ्यापर्यंत जाऊन. तरी प्लॅन ठरतो, आणि ठरायलाच हवा. कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर खरंच बघण्यासारखा असतो. पळस आणि पांगारा फुललेले, काटेसावरीला एकही पान नाही पण फुलं मात्र भरपूर, करवंदीच्या जाळ्यांना पांढरा बहर, आणि सगळीकडे वाळून सोनेरी झालेलं गवत. पावसाळ्यातली गर्दी नाही, शेवाळं नाही, धुकं नाही. वाट लांबूनही स्वच्छ दिसते.

गफलत नेमकी इथेच होते. पाऊस नाही म्हणजे धोका नाही, असं वाटायला लागतं. पावसाळ्यातला धोका डोळ्यांना दिसतो, ओढा फुगलेला असला की माणूस आपोआप थांबतो. वसंतातला धोका असा समोर येऊन उभा राहत नाही. सकाळी सातला हवा इतकी छान असते की एक बाटली पाणी पुरेल असं वाटतं. अकरा वाजता तीच वाट तव्यासारखी तापलेली असते, बाटली रिकामी असते आणि सावलीला एक झाड नसतं.

पहिला गड कोणता?

‘महाराष्ट्राचं एव्हरेस्ट’ म्हणून कळसूबाईचं नाव सगळ्यांत आधी येतं. १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. नाव मोठं आहे, पण पहिल्या ट्रेकला, तेही उन्हात, ते राहू द्या. पहिला गड निवडताना तीन प्रश्न विचारा. वाट ठळक आहे का? पायथ्याला किंवा वाटेत गाव आहे का? अर्ध्यावरून मागे फिरणं सोपं आहे का?

पुणेकरांसाठी या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असलेला गड म्हणजे सिंहगड. गाडीने वर जाणारा नव्हे, आतकरवाडीतून पायी चढायचा. मुंबई-पुण्याच्या मध्ये राहणाऱ्यांसाठी लोहगड आहे. मळवली स्टेशनला उतरायचं, भाजे गावावरून लोहगडवाडी गाठायची आणि मग पायऱ्यांनी गणेश, नारायण, हनुमान असे दरवाजे ओलांडत महादरवाज्यात पोहोचायचं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. शेजारचा विसापूर ‘जवळच तर आहे’ म्हणून त्याच दिवशी जोडू नका. एका दिवसात एकच गड.

वेळेचं गणित

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला होता. तो आजही जगभर वापरला जातो. सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आतकरवाडीतून सिंहगड साधारण पावणेतीन किलोमीटर आणि सुमारे ६०० मीटर चढ. म्हणजे अंतराचा अर्धा तास, चढाईचा एक तास, मिळून दीड तासाच्या आसपास. पण हा हिशेब सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. आपण नवखे, त्यात बारा जण, त्यात फोटो. सरळ अडीच तास धरा.

आता उलटा विचार करा. दुपारी बारानंतर उघड्या चढा-उतारावर असायचंच नाही, असं ठरवा. उतरायला दोन तास लागणार असतील, तर दहाला खाली निघायला हवं. म्हणजे साडेसहाच्या सुमारास, उजाडताना, पहिलं पाऊल पडायला हवं. लोहगडला अंतर जास्त आहे, त्यामुळे पहाटेची लोकल चुकली की अख्ख्या दिवसाचं गणित चुकतं. दहाला पोहोचणार असाल, तर त्या दिवशी भाजे लेणी बघा, मिसळ खा आणि घरी या.

यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे मागे फिरण्याची वेळ. ती घरी बसून, डोकं थंड असताना ठरवा आणि ग्रुपवर लिहून टाका. समजा साडेदहा ठरली. साडेदहाला महादरवाजा समोर दिसत असला, दहा मिनिटांवर असला, तरी मागे. वर, उन्हात, दमलेलं असताना हा निर्णय घ्यायची वेळ आली की प्रत्येक जण ‘आता एवढं आलोच आहोत तर’ म्हणतो.

पाणी मोजून

उन्हात चालताना तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. पाच-सहा तासांच्या ट्रेकसाठी माणशी तीन ते चार लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे सॅक जड होणारच. तिथे तडजोड नको. जास्तीचा टी-शर्ट, स्पीकर, पॉवर बँकची दुसरी जोडी, हे काढा. पाणी काढू नका.

‘गडावर टाकी आहेत की!’ हे वाक्य या दिवसांत धोक्याचं. पावसाळ्यात काठोकाठ भरलेली टाकी आता खाली गेलेली असतात, पाणी हिरवं झालेलं असतं. सिंहगडावर ताक-लिंबूसरबत मिळेल, लोहगडवाडीतही काही ना काही मिळेल. पण ते बोनस समजा, हिशेबात धरू नका.

नुसतं पाणीही पुरत नाही, घामातून मीठ जातं. ओआरएसची दोन पाकिटं जवळ ठेवा. मोठं पाकीट एक लिटरचंच असतं, ते अर्ध्या बाटलीत ओतायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लहान चमचा. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, संत्री, काकडी. वेफर्सच्या पुड्यांनी फक्त तहान वाढते.

एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. ट्रेकला अनेक मुली मुद्दाम पाणी कमी पितात, कारण वाटेत जायची सोय नसते आणि ‘थांबा’ म्हणायला अवघडल्यासारखं होतं. उन्हात हे फार महागात पडू शकतं. लीडरने दर तासाला दहा मिनिटांचा थांबा स्वतःहून जाहीर करावा, मुलं पुढे जाऊन थांबतील हे आधीच ठरवावं. कोणालाच कारण सांगावं लागू नये. पाळी आली असेल तर ट्रेक करायचा की नाही हे तिचं तिने ठरवावं. दोन जास्तीचे पॅड आणि वापरलेले परत आणायला एक कागदी पिशवी ग्रुपच्या फर्स्ट एडमध्ये असलीच पाहिजे.

पायात काय, अंगात काय?

ट्रेकसाठी खास नवे बूट घेतले असतील तर ते आधी आठवडाभर कॉलेजला घाला. नवे बूट पहिल्यांदा डोंगरावर घातले की टाचेला फोड ठरलेला. तळव्याला खोल खाचा हव्यात. गुळगुळीत झालेले कॅन्व्हास शूज या दिवसांत सर्वांत वाईट, कारण वाटेवर सुटी माती आणि बारीक खडे असतात. हाच तो घसारा. चढताना तो जाणवत नाही, उतरताना पाय घेऊन जातो. उतरताना छोटी पावलं, गुडघे किंचित वाकलेले, पाय थोडे आडवे. पळायचं नाही. नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला आपटून ठणकतो.

कपडे पूर्ण बाह्यांचे, सैल आणि फिक्या रंगाचे. शॉर्ट्स नको. वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यांत घुसली की दोन दिवस काढत बसावं लागतं. कडेवाली टोपी आणि मानेवर ओला रुमाल. परफ्यूम घरी ठेवा. त्याचं कारण पुढे.

सरावासाठी जिम लागत नाही. तीन आठवडे, आठवड्यातून तीनदा पर्वती किंवा वेताळ टेकडी. शेवटच्या आठवड्यात तीन भरलेल्या बाटल्या पाठीवर घेऊन. चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर तुमचा वेग बरोबर आहे.

मोहोळ आणि वणवा

कड्यांना, दरवाज्यांच्या कमानींना लटकलेली काळपट, अर्धगोल पोळी आग्या मोहोळाची असतात. उग्र वास, धूर, आरडाओरडा, भिरकावलेला दगड, यातलं काहीही त्या माश्यांना उठवायला पुरतं. मोहोळ दिसलं की आवाज बंद करून, शांतपणे पुढे निघायचं. उठल्याच, तर हात हलवत उभं राहू नका. डोकं आणि तोंड झाकून लांब निघून जा, पण कड्याच्या दिशेने नाही. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या आणखी चवताळतात. काटे नखाने किंवा कार्डाने खरवडून पटकन काढा. श्वास लागत असेल, चेहरा सुजत असेल, तर तासभरही न थांबता दवाखाना.

आणि आगीशी खेळ नको. चूल नाही, मॅगी नाही, सिगारेट तर नाहीच. वाळलेलं गवत एका ठिणगीत पेटतं. वणवा दिसला तर त्याच्या वरच्या बाजूला जाऊ नका, चढावर तो वेगाने सरकतो. बाजूने लांब होत खाली या.

‘मी ठीक आहे’

पहिल्या ट्रेकला सर्वांत जास्त वेळा बोललं जाणारं खोटं वाक्य हेच. बारा जणांत एक जण मागे पडतो. डोकं दुखत असतं, मळमळत असतं, पोटरीत गोळे आलेले असतात. पण पुढचे अकरा जण थांबून बघतायत आणि कोणीतरी ‘काय रे, एवढ्यात दमलास?’ म्हणालेलं असतं. मग तो म्हणतो, ‘मी ठीक आहे, चला.’ ऊन लागण्याची सुरुवात अशीच होते.

या टप्प्यावर उपाय सोपा असतो. सावली, अर्धा तास विश्रांती, बूट सैल, ओआरएसचे घोट आणि मग हळूहळू खाली. इथे कोणी थांबवलं नाही, तर पुढे उष्माघात होऊ शकतो. तोल जातो, माणूस असंबद्ध बोलायला लागतो, अंग भाजल्यासारखं तापतं, शुद्ध हरपते. त्यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी आडवं करून कपडे सैल करायचे, मान, काखा, मांड्यांवर ओली फडकी ठेवायची, वारा घालायचा आणि मदत बोलवायची. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

म्हणून दोन नियम. सगळ्यांत हळू चालणारा सगळ्यांत पुढे, त्याचा वेग हाच ग्रुपचा वेग. आणि एक अनुभवी, तब्येतीने धड माणूस कायम शेवटी. कोणी ‘जमत नाहीये’ म्हणालं, तर प्रश्न नाही, चेष्टा नाही. एकटं खाली पाठवायचं नाही, सोबत किमान दोघं उतरतात. दमा, फिट, ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायचं, आणि औषध सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवायचं.

मदत कोण करतं?

मोबाइलला रेंज असेल तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. पण डोंगरात अडकलेल्यांपर्यंत दोर घेऊन पोहोचतात ते बहुतेक वेळा स्वयंसेवक. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ आहे, राज्यभरातल्या बचाव पथकांना जोडणारं ‘महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर’ आहे. ही माणसं आपापली कामं सोडून, रात्री-अपरात्री येतात. त्यांचे नंबर निघण्याआधी सेव्ह करा. पैसे भरून एखाद्या ग्रुपसोबत जात असाल तर विचारा, किती जणांमागे किती लीडर? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाचं झालंय? पर्यटन विभागाकडे नोंदणी आहे का? राज्य सरकारचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून आहे, त्यामुळे हे विचारण्यात संकोच कसला! उत्तर टाळलं, तर पैसे भरू नका.

हा मेसेज कॉपी करा

शनिवारी रात्री ग्रुपवर आणि घरच्यांना, दोन्हीकडे पाठवा:

‘उद्या लोहगड, मळवलीहून. एकूण बारा जण, नावं खाली. सातच्या आत चालायला सुरुवात. माणशी चार लिटर पाणी. साडेदहाला कुठेही असलो तरी मागे. दोनपर्यंत स्टेशनवर. चारपर्यंत फोन आला नाही तर या नंबरवर कळवा.’

पाच मिनिटांचं काम आहे. वर पोहोचलात तर फोटो टाका. नाही पोहोचलात, तर पुढच्या रविवारची तारीख टाका. लोहगड तिथेच असेल.