जुन्या मॉनिटरची नाडीपरीक्षा

ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत ज्या स्पीकरवर विसंबून निर्णय घेतले जातात, त्यांना मॉनिटर म्हणतात. दिवाणखान्यातल्या स्पीकरने गाणं थोडं गोड करून ऐकवलं तरी कुणाची हरकत नसते. मॉनिटरला ती सवलत नाही. गायकाचा श्वास मध्येच कापला गेला असेल, तबल्याचा माइक जरा जास्तच जवळ ठेवला गेला असेल, तर ते त्याने सांगितलंच पाहिजे. फिनलंडच्या जेनेलेक कंपनीचा १०३१ए हे काम १९९१पासून करतो आहे. त्याचं उत्पादन थांबूनही बराच काळ लोटला, त्यामुळे आज बाजारात मिळतो तो प्रत्येक नग सेकंडहँड असतो आणि बहुतेकांनी स्टुडिओत वर्षानुवर्षं दिवसभर राबून काढलेली असतात. तरीही जाणकार त्याच्या शोधात असतात. माझ्या मते ते योग्यच करतात. अट एवढीच की घेण्याआधी तो मोजून पाहायला हवा.

जेनेलेकची सुरुवात एका सरकारी गरजेतून झाली. फिनलंडच्या नभोवाणीला, म्हणजे यूलेला, नव्या रेडिओ इमारतीसाठी मॉनिटर हवे होते. तिथले ध्वनितज्ज्ञ युहानी बोरेनियस यांनी इल्पो मार्टिकाइनेन आणि टोपी पार्टानेन या दोन मित्रांना विचारलं की, ॲम्प्लिफायर आतच असलेला मॉनिटर तुम्हाला बनवता येईल का? त्या विचारणेतून १९७८मध्ये इसाल्मी या छोट्या गावात कंपनी उभी राहिली आणि एस३० हा तिचा पहिला मॉनिटर तयार झाला. कारखाना आजही त्याच गावात, पोरोवेसी तलावाच्या काठी आहे. मार्टिकाइनेन २०१७मध्ये गेले.

‘ॲम्प्लिफायर आतच’ यात सोयीपेक्षा बरंच काही आहे. साध्या स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायरमधून आलेली सगळी शक्ती आधी क्रॉसओव्हरच्या तारांच्या वेटोळ्यांतून आणि कॅपॅसिटरमधून जाते, तिथे जड आणि बारीक स्वर वेगळे होतात आणि मग वूफर-ट्वीटरला आपापला वाटा मिळतो. १०३१एमध्ये ही विभागणी सिग्नल लहान असतानाच होते. त्यानंतर १२० वॉटचा एक ॲम्प्लिफायर आठ इंची वूफरला आणि १२० वॉटचा दुसरा ट्वीटरला थेट जोडलेला असतो. कोणत्या ॲम्प्लिफायरला कोणता स्पीकर मिळणार हे ठरलेलं असल्यामुळे दोघांची मोट कारखान्यातच बांधता येते. जुना नग घेताना हाच त्याचा मोठा गुण असतो आणि हीच जोखीमही. आत कुणी भलताच ट्वीटर बसवला असेल तर बाहेरून काही कळत नाही, पण आतला मेळ मोडलेला असतो.

दुसरी खुबी पुढच्या बाजूला दिसते. ट्वीटरच्या भोवती उथळ बशीसारखी खोलगट जागा आहे. आठ इंची वूफर जसजसा वरच्या पट्टीत जातो तसतसा त्याचा आवाज समोर एकवटत जातो. छोटा ट्वीटर मात्र त्याच पट्टीत चहूकडे आवाज फेकतो. २२०० हर्ट्झच्या आसपास वूफर काम ट्वीटरकडे सोपवतो. तिथे ही बशी नसती तर बाजूला बसलेल्या माणसाला समोरच्यापेक्षा वेगळाच स्वर ऐकू आला असता. बशी ट्वीटरचा फैलाव आवरून वूफरशी जुळवून घेते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात श्रोत्यांना पडद्यामागचे स्पीकर ऐकवून चाचण्या घेतल्या. समोरून सपाट आणि बाजूने सलग उतरत जाणारा प्रतिसाद असलेले स्पीकर माणसांना जास्त आवडतात, हे त्यातून पुढे आलं. जेनेलेकची ही बशी त्याच दशकातली आहे.

आता मोजणीकडे वळू. महागडी प्रयोगशाळा लागत नाही. मिनीडीएसपीचा यूमिक-१ हा माइक त्याच्या क्रमांकाच्या कॅलिब्रेशन फाइलसह मिळतो, आणि जॉन मुल्काही यांचं आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट आहे. खोलीत मोजलं तर स्पीकरपेक्षा खोलीच जास्त मोजली जाते, म्हणून गच्ची उत्तम. पहाटे, रिक्षा आणि कावळे सुरू व्हायच्या आत. स्पीकर दीड मीटर उंच स्टुलावर ठेवायचा आणि माइक त्याच उंचीवर एक मीटर अंतरावर. स्पीकरचा आवाज माइकपर्यंत सरळ एक मीटर येतो. जमिनीवर आपटून येणाऱ्या आवाजाला सुमारे ३.१६ मीटर पडतात. म्हणजे पडसाद सव्वासहा मिलिसेकंद उशिरा पोचतो. सॉफ्टवेअरला तेवढ्याच वेळाची खिडकी दिली की जमीन गळून पडते आणि सुमारे १६० हर्ट्झच्या वरचा खरा आलेख मिळतो.

त्याखालच्या भागासाठी डी. बी. कील यांनी १९७४मध्ये मांडलेली युक्ती अजूनही कामाला येते. माइक वूफरच्या कोनाच्या अगदी जवळ, काही मिलिमीटरवर न्यायचा. इतक्या जवळून खोलीचा आवाज नगण्य ठरतो. पोर्ट, म्हणजे बाससाठी पेटीला ठेवलेलं हवेचं तोंड, ज्या फ्रीक्वेन्सीला बोलतो तिथे वूफर जवळजवळ थांबतो आणि आलेखात खोल दरी दिसते. दोन्ही पेट्यांमध्ये ही दरी एकाच जागी आली तर बास सांभाळणारे भाग शाबूत आहेत. एका पेटीत ती सरकलेली असेल तर वूफर बदलला गेलाय, नाहीतर कुठूनतरी हवा फुटते आहे.

मोजण्याआधी एक गोष्ट केलीच पाहिजे आणि नेमकी तीच राहून जाते. मागच्या बाजूला छोट्या सरकत्या स्विचांची ओळ असते. त्यांनी ट्वीटरची पातळी आणि बासची पातळी ठरवता येते आणि अगदी खालच्या बासला उतार देता येतो. आधीच्या मालकाने हे स्विच त्याच्या खोलीसाठी लावलेले असतात, आणि बरेचदा दोन्ही पेट्यांवर वेगवेगळे, कारण त्याची एक पेटी कोपऱ्यात होती. ते सगळे शून्यावर आणले नाहीत तर बिघाड नसतानाही दोन आलेख चार डेसिबलने दूर पडतात. मुंबईच्या आणि कोकणच्या दमट हवेत या स्विचांच्या पत्र्यांवर गंजाचा थर बसतो. वीज बंद करून प्रत्येक स्विच वीस-पंचवीसदा पुढे-मागे केला की खरखर बरेचदा जाते. शिवाय स्क्रूड्रायव्हरने फिरवायचं संवेदनशीलतेचं नियंत्रण दोन्हीकडे सारखं आहे का, तेही पाहून घ्यावं.

मग जोडी जुळवायची. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवायचे. कारखान्याने या मॉनिटरचा प्रतिसाद ४८ हर्ट्झपासून २२ किलोहर्ट्झपर्यंत दोन डेसिबलच्या आत दिलेला आहे. इतक्या वर्षांनी तो तंतोतंत तसाच मिळावा असा हट्ट मी धरत नाही. दोन्ही पेट्या सपाट रेषेपासून सारख्याच ढळलेल्या असतील तर कान महिनाभरात सवय करून घेतात. एकच ढळली असेल तर मात्र गायिका मध्ये उभी राहत नाही, काही स्वरांना डावीकडे सरकते आणि काहींना उजवीकडे. सेकंडहँड मॉनिटरमध्ये आलेखाच्या सपाटपणापेक्षा जोडी जुळण्याला जास्त मोल आहे, असं माझं ठाम मत आहे.

आलेखातला दोष साधारण कुठून येतो तेही कळतं. वीस-तीस वर्षांच्या यंत्रात सर्वांत आधी म्हातारे होतात ते इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. त्यांच्यातला द्रव उष्णतेने हळूहळू आटतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. सिग्नलच्या वाटेवरचा छोटा कॅपॅसिटर आटला की बास पातळ होतो. वीजपुरवठ्याचा मोठा आटला की गुणगुण सुरू होते. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, पण पुरवठ्यातल्या कॅपॅसिटरची गुणगुण १०० हर्ट्झला येते. ५० हर्ट्झला आली तर दोष बहुधा अर्थिंगमध्ये किंवा केबलमध्ये असतो. हा फरक माहीत असेल तर विनाकारण पेटी उघडावी लागत नाही. कॅपॅसिटर बदलणं कुशल हाताला अवघड नाही आणि त्यापायी नग नाकारू नये. ट्वीटर जळालेला असेल किंवा त्याच्या घुमटावर कुणाच्या बोटाची खळी पडलेली असेल, तर मात्र पुन्हा विचार करावा.

मोजणी मशिनची तब्येत सांगते. ते ऐकायला किती गुणी आहे, हे ऐकूनच ठरवायचं. मी कानाची परीक्षा तंबोऱ्यावर घेतो. काळी एकच्या पुरुषी सुरात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला असते, म्हणजे या मॉनिटरच्या आवाक्यात आरामात. पण खरी परीक्षा जवारीची असते. जवारी नीट लागलेली असली की खर्जाच्या तारेतून स्वरांचा झोत उमलत वर जातो आणि त्यात गंधार आपोआप ऐकू येतो. हा झोत २२०० हर्ट्झच्या पुढेही जातो, म्हणजे वूफरकडून ट्वीटरकडे जातो. चांगल्या अवस्थेतल्या १०३१एवर हे हस्तांतर ऐकू येत नाही. तार एकच वाटते. ट्वीटर थकलेला असेल तर गंधार येतो, पण त्यावरची झिलई येत नाही. वूफरची कॉइल घासत असेल तर डग्ग्याच्या मिंडीत बारीक कुरकुर सापडते.

इथे आपल्या घरांचा प्रश्न येतो. दहा बाय दहाची खोली आणि उंचीही जवळपास तेवढीच, अशी रचना मुंबईत सर्रास दिसते. तीन मीटर अंतर असलेल्या भिंतींमध्ये ५६-५७ हर्ट्झचा आवाज घुमतो, आणि लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असल्यावर तिन्ही घुमार एकाच जागी साचतात. अशा खोलीत उत्तम मॉनिटरही फुगलेला वाटतो आणि दोष पेटीला लागतो. मागचे बासचे स्विच यासाठीच दिलेले आहेत. ते वापरावेत, पण आधी मधली बैठक सोडून खुर्ची थोडी मागे-पुढे करून पाहावी. त्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही स्विचने पडत नाही.

खरेदीआधी एक तपासणी राहता कामा नये. बाहेरून आलेल्या जोडीच्या मागच्या पाटीवरचा व्होल्टेज वाचा. अमेरिकेतून आलेला नग ११५ व्होल्टचा असू शकतो आणि आपल्याकडे २३० असतात, त्यामुळे न पाहता प्लग लावला तर पहिल्याच क्षणी वीजपुरवठा जाईल. पाटी बरोबर असेल, स्विच शून्यावर असताना दोन्ही आलेख जुळत असतील आणि तंबोरा एकसंध ऐकू येत असेल, तर घासाघीस न करता जोडी उचला. एकच पेटी विकायला असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिच्याशी जुळणारी दुसरी पेटी नंतर शोधून सापडणं फार कठीण असतं.