भाड्याचे घर, करारनामा आणि दारातला मोती

इगतपुरी म्हणजे रेल्वेचे गाव. 1865 साली थळ घाटातून आगगाडी वर आली आणि तिच्या मागोमाग फिटर, खलाशी, गँगमन, सफाई कामगार अशी कष्टकरी माणसे येथे स्थिरावली. त्यांत आपल्या समाजाचीही बरीच कुटुंबे होती. क्वार्टरमध्ये तीस-पस्तीस वर्षे काढायची, मुले तेथेच वाढवायची, आणि साठाव्या वर्षी नोकरी संपली की ठरावीक मुदतीत क्वार्टर रिकामे करून चावी परत द्यायची, असा हा क्रम आहे. ज्याचे स्वतःचे घर झाले नाही, तो गडी उतारवयात प्रथमच भाडेकरू होतो. त्याचा मुलगा नाशिक किंवा कल्याणला नोकरीला लागला तर तोही पहिल्यांदाच भाड्याने जागा शोधू लागतो.

क्वार्टरच्या दारात पत्र्याची पडवी असते. पडवीत कोंबड्यांचे खुराडे, पायरीवर कुत्रा, चुलीपाशी मांजर. पोरांनी रुळाच्या कडेहून उचलून आणलेले पिल्लू पाहता पाहता घरचे होते आणि त्याचे नाव मोती पडते. कोंबड्या विकता येतात, शेळी भावाच्या वस्तीवर पाठवता येते. पण मोतीचे काय करायचे? सामान बांधण्याच्या दिवशी सगळ्या घराला हा प्रश्न पडतो आणि बहुधा त्याच दिवशी पडतो. वास्तविक तो घर शोधायला निघण्यापूर्वीच पडायला हवा.

करारनामे लिहून द्यायचे काम आमच्याकडे नेहमी येते. त्यात आम्हाला तीन प्रकारची माणसे दिसतात. काही कुत्रा मागेच सोडून जातात. काही त्याला लपवून नव्या घरात नेतात. फार थोडे लोक मालकाला आधी सांगतात आणि कागदावर लिहून घेतात. वाचक बंधू-भगिनींनी हा तिसरा मार्ग धरावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

मागे सोडणे

माणसाच्या हातचे खाल्लेले कुत्रे रानात शिकार करून जगत नाही. ते कुलूप लावलेल्या दारापाशी बसून राहते. मग उपासमार होते, गाडीखाली येते किंवा चावरे होते, आणि त्रास मागे राहिलेल्या शेजाऱ्यांना होतो. पाळलेले जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. भारतीय संविधानाच्या कलम 51-अ मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांपैकी एक. पंचशील घेणाऱ्या घराला तर पहिल्या शीलाची आठवण वेगळी करून द्यायला नको.

लपवून नेणे

कुत्रा फार तर आठवडाभर लपतो. आठव्या दिवशी जिन्यात कोणीतरी येतो, मोती भुंकतो, आणि वरच्या मजल्यावरून मालकाला फोन जातो. मालकाच्या दृष्टीने तुम्ही खोटे बोललात. मग पुढे नळ गळाला तरी तुमच्यामुळे, भिंतीला ओल आली तरी तुमच्यामुळे. घर सोडताना अनामत रक्कम कापली जाते आणि तुमच्याकडे बोलायला तोंड राहत नाही. म्हणून जनावराची गोष्ट पहिल्या भेटीतच सांगावी. दोन घरे हातची जातील, पण तिसरे मिळेल ते निश्चिंतपणे राहायला मिळेल.

जात आणि जनावर

येथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा. 1917 साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या त्या विद्वानाला शहरात राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी सराईत, तेही पारशी नाव लिहून, आसरा मिळाला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. जागा शोधणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाने हा प्रसंग मुलांना सांगितला पाहिजे.

जात ही घरमालकाने विचारण्याची बाब नाही, आणि ती सांगायला भाडेकरू बांधलेला नाही. जनावराचे तसे नाही. कुत्रा भिंत ओरबाडू शकतो, शेजारच्या लहान मुलाला चावू शकतो. त्याविषयी विचारणे हा मालकाचा रास्त हक्क आहे. पहिल्या प्रश्नाला मान खाली घालू नये, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळू नये.

अडचण अशी की काही ठिकाणी दुसरा प्रश्न पुढे करून पहिलाच विचारलेला असतो. आडनाव ऐकेपर्यंत कुत्रा चालत असतो. आडनाव कळल्यावर, भिंतीवरचा फोटो कोणाचा लावणार हे कळल्यावर, तो चालेनासा होतो. अशा वेळी शांतपणे एकच विचारावे : "कुत्र्याची सोय दुसरीकडे केली, तर घर द्याल ना?" मालकाला खरोखर कुत्राच नको असेल तर तो होय म्हणेल. तो तेव्हाही चाचरू लागला तर कारण उघड होते. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहत्या जागेचा ताबा घेण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सोबत जाणता माणूस असावा, तारीख व बोलणे वहीत टिपून ठेवावे आणि मग पोलिसांकडे दाद मागावी.

कागद पक्का असावा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्याच्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारून घेतला म्हणजे झाले, हा समज चुकीचा आहे. हल्ली ही नोंदणी आधार कार्डाच्या आधारे ऑनलाईनही होते.

खर्चाची भीती बाळगू नये. हिशेब करून पाहू. समजा भाडे महिना 6,000 रुपये, मुदत 11 महिने, म्हणजे 66,000 रुपये. परत मिळणारी अनामत 20,000 रुपये. तिच्यावर वर्षाला दहा टक्के धरून सुमारे 2,000 रुपये मिळवायचे. एकूण 68,000 रुपयांवर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे 170 रुपयांच्या आसपास. नोंदणी शुल्क आणि लिहिणाऱ्याची मजुरी वेगळी. वीस हजारांची अनामत सुरक्षित ठेवण्यासाठी हा खर्च मोठा नाही.

या करारात जनावराचे कलम स्वतंत्र लिहून घ्यावे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

1. कोणते जनावर, किती, रंग व अंदाजे वय. "पाळीव प्राण्यास परवानगी" एवढेच मोघम लिहू नये.

2. दार, भिंत, फरशी यांचे जनावरामुळे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च भाडेकरू देईल आणि मालक तो पावती दाखवूनच अनामतीतून कापील.

3. गच्ची, जिना, अंगण यांपैकी कोठे जनावर नेता येईल.

4. तक्रार आल्यास सुधारणेसाठी किती दिवसांची मुदत मिळेल.

घराचा ताबा घेताना प्रत्येक खोलीचे, दाराच्या खालच्या भागाचे फोटो काढून ठेवावेत. जुने ओरखडे मोतीच्या नावावर पडू नयेत. करार अकरा महिन्यांनी नवा करताना हे कलम गळाले नाही ना, हेही पाहावे.

घर सोसायटीत असेल तर मालक आणि सोसायटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, किंवा त्याला लिफ्ट नाकारता येत नाही. मात्र या सूचनांच्या बळावर मालकाशी झालेल्या करारातील अट मोडता येत नाही. आणि हक्क सांगताना घाण साफ करण्याची जबाबदारीही आपलीच राहते.

इगतपुरीच्या हवेत

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चार महिने ऊन दिसत नाही. क्वार्टरमध्ये मोती पडवीत झोपत होता, फ्लॅटमध्ये तो खोलीतच राहणार. ओल्या कुत्र्याचा वास आणि गोचीड या दोन तक्रारी श्रावणापूर्वीच येतात. म्हणून बाहेरून आणल्यावर जुन्या चादरीने त्याला कोरडे करावे, कान आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात, निजायचे गोणपाट दर आठवड्याला बदलावे. शक्य असेल तर वरच्या मजल्यापेक्षा तळमजल्याची जागा पाहावी. मांजर असेल तर खिडकीला जाळी आहे का, हे आधी पाहावे.

गावाच्या कडेला घर घेतले असेल तर रात्री कुत्रा बाहेर बांधू नये. तालुक्यात बिबट्याचा वावर आहे आणि साखळीला बांधलेला कुत्रा त्याला आयताच सापडतो. कुत्र्यामागे बिबट्या दाराशी आला तर घरातली लेकरेही धोक्यात येतात.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी आणि पुढे दरवर्षी द्यावी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी आणि लसीचे कार्ड जपून ठेवावे. घर पाहायला जाताना हे कार्ड बरोबर न्यावे. ते पाहून पुष्कळदा मालकाचा अर्धा नकार तेथेच विरघळतो. एवढे करूनही कुत्रा कोणाला चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद किंवा चुना भरू नये, आणि त्याच दिवशी त्या माणसाला सरकारी रुग्णालयात नेऊन लस टोचून घ्यावी. वाद नंतर मिटवता येतो.

माता-भगिनींना एक विनंती. घर पाहायला पुरुष मंडळी जातात आणि कागदावर सहीही तेच करतात. पण दिवसभर मोतीला सांभाळणारी, शेजारणीशी बोलणारी तुम्हीच असता. जागा पाहायला तुम्ही जा, करार वाचून घ्या, न कळेल तो शब्द विचारा. नव्या घरात गेल्यावर पहिल्याच दिवशी शेजारच्या दोन दारी मोतीला पट्ट्याने धरून न्या आणि त्याची ओळख करून द्या. पुढे जिन्यात तो भुंकला तरी मालकाला फोन करण्याआधी ती शेजारीण तुमचेच दार वाजवील.

निवृत्तीला सहा महिने उरले असतील त्या बांधवांनी जागेचा शोध आजच सुरू करावा आणि घरातल्या माणसांच्या यादीत मोतीचे नाव प्रथमपासून धरावे.

जय भीम!