हप्त्यावर भुलू नका, पूर्ण किंमत विचारा

मारुतीची व्हॅन १९८४ साली बाजारात आली आणि पुढे ‘ओम्नी’ नावाने घरोघरी ओळखीची झाली. २०१९ मध्ये ती बंद झाली. आज मालवण-कुडाळकडे मोठे कुटुंब ‘इको’चा विचार करते. पै-पै जोडलेला हा पैसा शोरूममध्ये तासाभरात निसटू नये.

विक्रेता आधी विचारतो, “महिन्याला किती परवडेल?” इथेच सावध व्हा. ५ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने ५ वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारे १०,६२५ रुपये बसतो; ७ वर्षांत ८,३००. हप्ता हलका झाला, पण खिशातून सुमारे ६० हजार जास्त गेले!

म्हणून रस्त्यावर येईपर्यंतची एकूण किंमत बाबवार लिहून घ्या. सरकारी करात घासाघीस होत नाही. सवलत, विमा आणि ॲक्सेसरीजमध्ये होते. विमा शोरूममधूनच घ्यावा असे बंधन नाही. बाहेरचा दर काढून दाखवा. ‘हँडलिंग’चे पैसे कशाचे, ते विचारा. दोन शोरूमचे कागद शेजारी ठेवून पाहा.

आणि बंधूंनो, घरच्या बाईला सोबत न्या. हप्त्याची झळ घरखर्चात तिलाच आधी लागते. पावतीशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नका.