जुन्या संगणकाची गुणगुण

आमच्या शाळेच्या संगणकगृहांत खिडकीलगत ठेवलेलें यंत्र आतां बारा वर्षांचें झालें आहे. एवढ्या वयाच्या बैलास शेतकरी औतास जुंपीत नाहीं. हें यंत्र मात्र अजून रोज चार तास राबतें. गेल्या दोनतीन वर्षांत तें नाना प्रकारचे आवाज करूं लागलें, तेव्हां मुलांनीं त्यास 'म्हातारबा' हें नांव दिलें आणि जो तो आपापलें निदान सांगूं लागला. कोणी म्हणे पंखा गेला, कोणी म्हणे व्हायरस शिरला. व्हायरसमुळें यंत्र गुणगुणत नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. या आवाजांचा छडा लावतांना आम्हांस जें समजलें तें येथें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे. कारण असलीं जुनीं यंत्रें आतां पुष्कळ घरींही आहेत, आणि त्यांच्या आवाजांपैकीं एक आवाज असा आहे कीं, तो भलत्या रीतीनें बंद केल्यास जिवावर बेतूं शकतें.

आवाज ऐकूं आला म्हणजे प्रथम तो कोठून येतो तें ठरवावें. खोलींतील छताचा पंखा बंद करावा, वर्तमानपत्राची सुरळी करून तिचें एक टोंक कानाशीं धरावें आणि दुसरें यंत्राभोंवतीं सावकाश फिरवावें. वैद्याच्या नळीचें काम ही सुरळी बऱ्यापैकीं करते. नंतर स्पीकर बंद करावेत. आवाज थांबला तर त्याचा उगम स्पीकरांत किंवा त्यांच्या तारांत आहे. चालूच राहिला तर तो पेटींतला आहे. एवढ्या साध्या परीक्षेनें निम्मा शोध संपतो, आणि तरीही ती न करतां पेंचकस घेऊन धांवणारेच फार.

पेटींतल्या आवाजांत घरघर बहुधा पंख्याची असते. खामगांव-मलकापुराकडे कापसाच्या दिवसांत हवेंत उडणारे तंतू आणि एरव्हींची धूळ यांचा थर पात्यांवर बसतो, तोल जातो आणि पंखा थरथरूं लागतो. प्लग भिंतीपासून काढून मऊ कुंचल्यानें तो साफ करावा; पातीं बोटानें धरून ठेवावींत, फुंकरीनें गरगर फिरूं देऊं नयेत. तरीही घरघर राहिली तर नवा पंखा बसवावा. तो स्वस्त मिळतो, आणि त्याच्यावांचून आंतला मौल्यवान भाग भाजून निघतो.

टक्-टक्, टक्-टक् असा ठराविक अंतरानें येणारा आवाज मात्र हार्ड डिस्कचा. तिच्यांतील तबकडी बहुधा मिनिटास ७,२०० वेळां, म्हणजे सेकंदास १२० वेळां फिरते, आणि तिजवरून एक नाजूक दांडी अक्षरें वाचीत हिंडते. दांडीस आपली जागा सांपडेनाशी झाली कीं ती पुनः पुनः मूळ स्थानीं परतते. तोच हा टकटकाट. अशा वेळीं निदानांत एक घटकाही दवडूं नये. आंत निकालाच्या याद्या असोत कीं घरच्या लग्नाचीं छायाचित्रें असोत, तीं आधीं दुसरीकडे उतरवून घ्यावींत. कारण मागाहून शोधतां येईल.

याहून गमतीची ती बारीक 'चीं चीं'. एखादें लांब पान पडद्यावर भराभर सरकविलें कीं ती वाढते आणि हात थांबला कीं थांबते. येथें हलणारें चाक एकही नाहीं. मग ओरडतें कोण? लोखंडास चुंबकत्व दिलें असतां त्याची लांबी किंचित् बदलते, हें जेम्स जूल यानें १८४२ सालीं दाखविलें. यंत्रांतील विद्युत्पुरवठ्याचा डबा वीज सेकंदास हजारों वेळां चालू-बंद करीत असतो. त्याबरोबर त्यांतील वेटोळीं, त्यांचे गाभे आणि तारा सूक्ष्म थरथरतात. ही थरथर बहुशः कानाच्या मर्यादेपलीकडची असते, परंतु यंत्रावरचें काम कमीजास्त होऊं लागलें कीं तिचा कांहीं अंश ऐकूं येण्याजोगा होतो. वयाबरोबर उंच स्वर ऐकण्याची शक्ति घटत जाते. म्हणून मुलगा सांगतो, चीं चीं होते. बाप म्हणतो, कांहीं ऐकूं येत नाहीं. आणि दोघेही खरेंच बोलत असतात.

ही चीं चीं स्वतः निरुपद्रवी आहे. परंतु जुन्या यंत्रांत ती एकाएकीं नव्यानें सुरू झाली तर मदरबोर्डावरील लहान लहान उभे नळकांडेवजा कपॅसिटर पाहावेत. त्यांत एक द्रव असतो. उष्णतेनें तो आटत जातो. दर १० अंश उष्णता वाढली कीं त्यांचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा कारागिरांचा ठोकताळा आहे, आणि घाटाखालीं मे महिन्यांत पारा ४० च्या पुढें जातो हें आपण जाणतोंच. नळकांड्याचें सपाट डोकें फुगलेलें दिसलें किंवा त्यावर तपकिरी डाग दिसला तर तो बदलावयास हवा. विद्युत्पुरवठ्याचा डबा मात्र कोणत्याही विद्यार्थ्यानें उघडूं नये. त्यांतील मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टांहून अधिक दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कांहीं काळ टिकून राहतो.

आतां मुख्य आवाजाकडे वळूं. तो म्हणजे स्पीकरमधून येणारी संथ, जाड 'हूंऽऽ' अशी गुणगुण. आपल्याकडील वीज सेकंदास ५० वेळां हेलकावते, आणि प्रत्येक हेलकाव्यांत दोन झोंके, एक इकडे व एक तिकडे, असल्यामुळें ट्रान्सफॉर्मरचा गाभा सेकंदास १०० वेळां थरथरतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टांची वाहिनी जोडली जाऊन दक्षिणेचें विजेचें जाळें उरलेल्या देशाच्या जाळ्यास मिळालें. तेव्हांपासून बुलढाण्याच्या खांबावरील ट्रान्सफॉर्मर आणि कन्याकुमारीचा ट्रान्सफॉर्मर एकाच तालांत गुणगुणत आहेत. ही गुणगुण ओळखण्याची एक युक्ति आमच्या संगीत-शिक्षकांनीं सुचविली. बाजाची पेटी घेऊन खालच्या सप्तकांतील पांढरी पांच धरावी. स्पीकरची गुणगुण त्या स्वराशीं जवळजवळ जुळली, केसभर चढी लागली, तर ती घरच्या विजेचीच समजावी. न जुळली तर कारण निराळें. माउस हलवितांना होणारी कुरकुर यंत्राच्या आंतूनच येते, आणि ध्वनीचें लहानसें स्वतंत्र साधन यूएसबीच्या खांचेंत लावल्यास बहुधा जाते. मधूनच येणारी 'डिग्-डिग्-डिग्' ही शेजारीं ठेवलेल्या मोबाइलची. तो दूर सारला कीं झालें.

म्हातारबाची गुणगुण पांढऱ्या पांचशीं जुळली. त्याची कथा मागल्या स्नेहसंमेलनापासून सुरू होते. नाटकाचें संगीत वाजविण्यासाठीं हें यंत्र रंगमंचावर नेलें होतें. त्याची वीज एका खोलीच्या बोर्डांतून घेतली, ध्वनिक्षेपकाची दुसऱ्या इमारतींतून. दोन्ही जोडतांच कर्ण्यांतून असा हुंकार निघाला कीं नांदी ऐकूं येईना. तेव्हां एका हुशार गृहस्थानें यंत्राच्या प्लगाची लांब, जाड पिन पकडीनें मोडून काढली. हुंकार तत्क्षणीं थांबला. त्यांचें कौतुकही झालें. आम्हीं स्वतः टाळ्या वाजविल्या, हें कबूल केलें पाहिजे.

त्यांनीं मोडलें तें काय होतें? ती लांब पिन अर्थिंगची, म्हणजे यंत्राचा पत्रा जमिनीशीं जोडणारी. इतर दोन पिनांहून ती मुद्दाम लांब केलेली असते, ती अशासाठीं कीं प्लग लावतांना तिची जोड सर्वांआधीं व्हावी आणि काढतांना सर्वांनंतर सुटावी. त्या रात्रीं यंत्र एका ठिकाणीं जमिनीस जोडलेलें होतें व ध्वनिक्षेपक दुसऱ्या ठिकाणीं. दोन ठिकाणच्या जमिनींत विजेच्या दाबाचा अल्पसा फरक होता. त्या फरकानें गाण्याच्या बारीक तारेच्या वेष्टनांतून प्रवाह वाहूं लागला, आणि ध्वनिक्षेपकानें तोच शेंकडों पटींनीं मोठा करून ऐकविला. योग्य उपाय साधा होता: दोन्ही यंत्रांची वीज एकाच बोर्डांतून घ्यावयाची. तेंही न जमलें तर गाण्याच्या तारेंत ध्वनीचा लहानसा विलगक ट्रान्सफॉर्मर बसवावयाचा. त्यांतून गाणें पलीकडे जातें, पण दोन यंत्रांस जोडणारी धातूची वाट तुटते.

पिन मोडल्यानें वेटोळें तुटलें खरें, परंतु यंत्राचा पहारेकरीही गेला. पुढल्या आठवड्यांत इयत्ता आठवींतील एका मुलीच्या हातास पेटीच्या पत्र्यावरून मुंग्या आल्या. विद्युत्पुरवठ्याच्या डब्यांत दोन बारीक कपॅसिटर विजेच्या दोन तारांमधून पत्र्याकडे जोडलेले असतात. अर्थिंग असतां त्यांतून झिरपणारी वीज मुकाट्यानें जमिनींत जाते. अर्थिंग नसतां पत्रा दोहोंच्या मधोमध, २३० च्या निम्म्या म्हणजे सुमारें ११५ व्होल्टांवर लोंबकळत राहतो. झिरपणारा प्रवाह एक मिलिॲम्पिअरहून कमी असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्यां आंतल्या तारेचें वेष्टन झिजून ती पत्र्यास टेंकली तर पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर येतील, आणि जमिनीकडे जाण्यास वाट उरेल ती हात लावणाऱ्या मुलाच्या अंगांतून. अर्थिंग शाबूत असतें तर त्याच क्षणीं मोठा प्रवाह जमिनीकडे धांवून फ्यूज वितळला असता किंवा स्विच पडला असता. मुंग्या येतात कीं काय हें पाहण्यासाठीं कोणीं मुद्दाम हात लावूं नये. एकदां आल्या तर भिंतीवरील बटण बंद करावें आणि मोठ्या माणसांस सांगावें.

नवी तार व नवा प्लग आल्यावर मुंग्या थांबल्या. प्रकरण मिटलें असें आम्ही समजलों. परंतु वैशाखांत पुनः तक्रार आली, आणि या वेळीं ती एकट्या म्हातारबाची नसून रांगेंतील दहाही यंत्रांची होती. सर्व यंत्रें एकदम आजारी पडत नाहींत. दोष सर्वांस सामाईक अशा ठिकाणीं असला पाहिजे. तो होता इमारतीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यांत. हा प्रकार अधिक गंभीर, कारण एका यंत्राची झिरपण अल्प असली तरी दहा यंत्रांची त्या एकाच तारेवर जमते, आणि तिला जमीन मिळाली नाहीं तर कोणत्याही एका पेटीस हात लावणाऱ्यास दहांचा हिस्सा सोसावा लागतो.

आपल्या जिल्ह्यांत जमिनीची ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. वीज जमिनींत जाते ती ओलाव्याच्या आणि त्यांत विरघळलेल्या क्षारांच्या आधारें. घाटाखालीं पूर्णाकांठची काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पुरलेल्या नळीभोंवतीं माती सुटली कीं नळी जणूं हवेंत उभी राहते. शेगांव-संग्रामपुराकडील खारपाणपट्ट्यांत क्षारांमुळें वीज सहज मुरते, पण तेच क्षार लोखंड लवकर खातात. घाटावर चिखली-मेहकराकडे मुरूम आणि काळा पाषाण जवळच लागतो. तेथें कोरड्या दिवसांत विजेस जमिनींत शिरावयास फारसा वावच नसतो. म्हणून अर्थिंगची नळी सुमारें अडीच मीटर खोल नेतात आणि भोंवतीं कोळसा व मीठ यांचे थर देतात. मिठानें नळी गंजते, यासाठीं अलीकडे ओलावा धरून ठेवणारी बेंटोनाईट ही माती वापरण्याची रीत पडली आहे.

आमचा खड्डा परवानाधारक तंत्रज्ञाकडून उघडविला. कोळसा वाळून कोरडा ठणठणीत झाला होता, आणि नळीस जोडलेली लोखंडी पट्टी गंजून हातानें मोडली. खड्ड्यांत पाणी ओतण्यासाठीं ठेवलेलें नरसाळें कोणीं तरी बागेच्या कामास नेलें होतें; तें तेथूनच परत मिळालें. नवी पट्टी बसविली, थर बदलले, खोलीच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरच्या गळतीवर पडणारा सुरक्षा-स्विच लाविला, आणि मापकानें मोजून घेतलें. मुंग्या पुनः आल्या नाहींत.

म्हातारबा अद्यापि किंचित् गुणगुणतो. ही उरलेली गुणगुण स्पीकरच्या स्वतःच्या लहान ट्रान्सफॉर्मरची आहे: आवाजाची कळ शून्यावर नेली आणि बारीक तार काढून घेतली तरी ती थांबत नाहीं. तिजपासून कोणासही अपाय नाहीं, म्हणून ती राहूं दिली आहे. फाल्गुनापासून मृगापर्यंत दर शनिवारीं इयत्ता नववींतील दोन विद्यार्थी अर्थिंगच्या खड्ड्यांत दोन बादल्या पाणी ओततात आणि वहींत तारीख लिहून सही करतात. नरसाळें आतां सांखळीनें बांधलें आहे.